साडूंची जीप आणि चार्जिंगचा काटा

कुठलीही वस्तू उगीच बिघडते, यावर माझ्या साडूंचा विश्वास नाही. देव आहे की नाही याबद्दल ते एक वेळ तडजोड करतील, पण बंद पडलेल्या पंख्याला ‘काही कारण नाही, पडला बंद’ असं कुणी म्हणालं, तर त्या घरचा चहासुद्धा ते घेणार नाहीत. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, त्यांच्या बायकोला ताई. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी जमिनीखालच्या केबलचे फॉल्ट शोधण्यात गेली. अर्ध्या नागपूरचे फोन बंद आहेत, वरचे साहेब घामाघूम झालेत, आणि भाऊ भर उन्हात एका कडुनिंबाखाली उकिडवे बसून विचार करताहेत, असं दृश्य त्या काळी अनेकांनी पाहिलेलं आहे. विचार संपला की ते उठायचे, चाळीसएक पावलं चालायचे आणि म्हणायचे, “इथं खोदा.” फॉल्ट तिथंच निघायचा. निवृत्तीनंतर खात्यानं त्यांना शाल आणि नारळ दिला, पण शोधायला फॉल्ट द्यायचं खात्याच्या लक्षात आलं नाही, आणि तेव्हापासून ते नातेवाइकांच्या वाट्याला आले.

एका उन्हाळ्यात माझ्याकडचा कूलर नुसता दमट वारा फेकू लागला. मी वाळ्याची नवी ताटी टाकायला निघालो होतो. भाऊंनी मला थांबवलं, कूलरसमोर खुर्ची टाकली आणि दुपारभर ताटीतून कुठल्या बाजूला किती थेंब पडतात ते पाहत बसले. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की कूलर निर्दोष आहे, माझी खिडकी चुकीची आहे. हवा आत येते, तिला बाहेर जायला वाट नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि घर गार झालं. पुतणीच्या लग्नात माइक किंचाळायला लागला तेव्हा सगळे माइकवाल्यावर ओरडत होते. भाऊ मात्र मंगलाष्टकं संपायच्या आत स्टेजच्या मागे गेले आणि नवरदेवाच्या मामाला दोन पावलं उजवीकडे सरकवून आले. किंचाळी थांबली. मामांना कारण आजतागायत कळलेलं नाही आणि त्यांचा राग गेलेला नाही. डॉक्टरांकडे तर भाऊंना एकटं पाठवायचंच नाही असा घरचा नियम आहे. “गोळी कोणती देता ते मागून सांगा,” ते म्हणतात, “अगोदर मले सांगा, दुखते काहून?” मागे रांगेत पंधरा माणसं असतात. डॉक्टर बिचारे कागदावर गुडघ्याचं चित्र काढून दाखवतात. भाऊ ते चित्र घडी करून खिशात ठेवतात, आणि गोळी घ्यायला विसरतात.

अशा माणसानं जुनी जीप घ्यावी हे विधिलिखितच होतं. ती त्यांनी कुठल्याशा सरकारी लिलावातून आणली. रंग एकेकाळी हिरवा असावा. वर कापडी हूड, दारांच्या जागी दारांची आठवण, आणि एंजिनचा आवाज असा की गिरणीचा भोंगा समजून शेजारच्या गल्लीतले लोक आपल्या घड्याळाकडे बघत. “ही काहून घेतली?” असं ताईंनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, “रस्ता जिथं संपते ना, त्याच्या पुढं काय आहे ते पाहाले.” आणि ते खरोखरच पाहून येत. नाल्याच्या पात्रातून, शेताच्या धुऱ्यावरून, जिथं बैलसुद्धा थबकतो अशा चिखलातून ती जीप घालून ते बाहेर काढत, आणि घरी येऊन सांगत, “पुढं काही नाही. एक विहीर आहे. पण विहिरीले पायऱ्या उलट्या बाजूनं आहेत. काहून असतीन गा?”

गेल्या हिवाळ्यात या जीपला तो रोग लागला. मौद्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत पाचेक किलोमीटरवर एका खेड्यात ताईंच्या मावशी राहतात. वय नव्वदीच्या घरात, नजर गेलेली, जीभ शाबूत. ताईंना आईच्या जागी तेवढीच एक. दर दुसऱ्या रविवारी भाऊ आणि ताई जीपनं तिकडे जात. एका रविवारी परत निघताना भाऊंनी सेल्फ मारला, तर एंजिन फिरायच्या ऐवजी नुसतं ‘टक’ झालं. बॅटरी उतरली होती. गावकऱ्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गावातली माणसं त्यांना येताना बघूनच धोतर खोचायला लागली, असं ताई सांगत.

कामठी रोडवर भाऊंच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. त्यांनी बोनेट न उघडताच निदान केलं, “नई बॅटरी डाल दो साहब, झंझट खतम.”

“पण जुनी उतरली काहून?”

“पुरानी है, इसलिए.”

“पुराना तर मी बी आहो,” भाऊ म्हणाले, आणि गाडी परत घेऊन आले.

मग तपास सुरू झाला. भाऊंना तपासासाठी श्रोता लागतो, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर मला नकार द्यायला कारण उरलेलं नाही. त्यामुळे रोज सकाळी पोहे खाऊन मी त्यांच्या फाटकासमोर हजर. त्यांनी मला सगळी यंत्रणा समजावून सांगितली. “बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समज. अल्टरनेटर म्हणजे खालची मोटर. एंजिन फिरते, एंजिनच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरते, ते टाकी भरते. आता टाकी रिकामी झाली, तर तू टाकी बदलशीन? का पहिले मोटर पाहाशीन, पाइप पाहाशीन, कोणं नळ उघडा ठेवला ते पाहाशीन?” मी म्हटलं, मी प्लंबर बोलवीन. त्यावर त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.

पहिल्या दिवशी त्यांनी एंजिन बंद ठेवून मीटर लावलं. बॅटरी भरलेली असली की साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवायला हवं, तेवढं दाखवलं. एंजिन चालू केलं. काटा चौदाच्या वर गेला. म्हणजे टाकी चांगली, मोटर चांगली. दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला, न सैल न घट्ट. तिसऱ्या दिवशी बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी जाड पट्टी सोडून तिच्यावरचा गंज घासला आणि ती पितळी भांड्यासारखी लखलखीत केली. चौथ्या दिवशी अल्टरनेटर काढून वाइंडिंगवाल्याकडे नेला. त्यानं तो फिरवून पाहिला, पुसला आणि ‘इसमें कुछ नहीं है’ म्हणून परत दिला. शेवटी भाऊंनी डॅशबोर्डवर चार्जिंगचा एक वेगळा काटा बसवला. काटा उजवीकडे असला की बॅटरी भरतेय, डावीकडे पडला की उतरतेय. तो काटा बसवल्यावर भाऊंचं समोरच्या रस्त्याकडे लक्ष कमी झालं, हे मी सांगितलं नसतं तरी कळलं असतं. कळमन्याच्या बाजाराकडे आम्ही रोज एक फेरी मारायचो, संत्र्यांच्या ट्रकांच्या गर्दीतून, आणि भाऊ म्हणायचे, “पाहा, उजवीकडेच आहे. पाहा, अजूनही उजवीकडेच आहे.” मी काट्याकडे बघत नव्हतो. आमच्यापैकी एकानं तरी ट्रकांकडे बघणं भाग होतं.

आणि रविवारी मावशींच्या दारात पुन्हा ‘टक’.

या वेळी काटा डावीकडे पडताना भाऊंनी स्वतः पाहिला होता. वाटेत मधूनच पडे, मग पुन्हा उठे. पण ताईंचा संयम संपला. “तुमचा शोध चालू द्या,” त्या म्हणाल्या, “मी आजपासून या डब्यात पाय ठेवत नाही.” कन्हानचे एक गृहस्थ जीप विकत घ्यायला पूर्वीपासून टपले होते. ताईंनी त्यांना स्वतः फोन करून बोलावलं. ते येऊन, चाकांना लाथा मारून, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी न्यायला येतो असं सांगून गेले. भाऊंच्या तोंडाकडे मला बघवेना. गाडी जाण्याचं दुःख होतंच, पण कारण न कळता गाडी जाणार, हे त्यांना माणसाचं तेरावंच न झाल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या खेपेला ताई एसटीनं मावशीकडे गेल्या. एसटी डांबरी रस्त्यावर सोडते, पुढचे पाच किलोमीटर पायी. ताईंचा गुडघा त्यांना परवानगी देणारा नव्हता, पण त्या गेल्या. आणि भाऊ? भाऊ जीप घेऊन एसटीच्या मागे मागे गेले. मी शेजारी. पुढे बसच्या मागच्या काचेतून ताई आमच्याकडे पाठ करून बसलेल्या, मागे आम्ही. फाट्यावर ताई उतरल्या आणि चालू लागल्या. त्यांच्या मागे पायाच्या वेगानं जीप. “बस वं,” भाऊ दर शंभर पावलांवर म्हणत. ताई मान हलवत. शेतात काम करणारी माणसं हातातलं काम टाकून ही वरात बघत होती.

पण परत आल्यावर भाऊ गाडीतून उतरले ते थेट टेबलाशी जाऊन बसले. मग त्यांनी आपली वही काढली. वहीत प्रत्येक फेरीची नोंद होती: कुठे गेलो, ऊन किती, दिवे लावले का, रस्ता कसा. त्यांनी पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘शेजारी कोण बसलं होतं’. रकाना भरून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी बसलो होतो तेव्हा काटा ठीक. रिकामी गाडी, ठीक. आज तोच रस्ता, तेच गाव, तोच खड्डा, तरी ठीक. ज्या ज्या दिवशी बॅटरी उतरली, त्या प्रत्येक दिवशी शेजारी ताई.

“आता ही गोष्ट तिले सांगाची कशी?” भाऊ म्हणाले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ताईंनी ते ऐकलं आणि पोळी लाटायचं थांबवलं. “म्हणजे माह्या बसण्यानं तुमची बॅटरी उतरते?”

“मी तसं नाही म्हणून राहिलो. वही म्हणून राहिली.”

तरी कुतूहल ही संसर्गजन्य गोष्ट असावी, कारण शेवटी ताई कबूल झाल्या. फाटकाशी उभ्या जीपमध्ये, एंजिन चालू ठेवून त्या बसल्या. काटा उजवीकडे. उतरल्या, पुन्हा बसल्या. उजवीकडे. वजनाचा प्रश्न असेल म्हणून मला बसवलं. माझं वजन ताईंच्या दीडपट आहे. उजवीकडे. माझी बायको बसली, तांदळाचं पोतं बसलं, काट्यानं कुणाचीच दखल घेतली नाही. “चालत्या गाडीत पाहा लागते,” भाऊ म्हणाले. ताई म्हणाल्या, “एकदाच. मौद्यापर्यंत. त्याच्या नंतर नाव काढायचं नाही.” पहिला सोमवार चार दिवसांवर आला होता.

निघालो. भाऊ चालवत होते, ताई शेजारी, मी मागे दोघांच्या मधून मान पुढे काढून. शहर सुटलं तेव्हा काटा उजवीकडेच होता. मग समोरून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला मागे टाकत आला. भाऊंची नजर काट्यावर. ते पुटपुटले, “पडला!” ट्रक गेला, काटा उठला. पुढे एक बैलगाडी आडवी आली. “पुन्हा पडला!” भाऊ एखाद्या मुलासारखे उत्तेजित झाले होते. तिसऱ्यांदा मी काटा बघितलाच नाही. माझी नजर सहज खाली गेली. ताईंचा उजवा पाय पुढच्या रबरी चटईवर होता. नुसता ठेवलेला नव्हता. सगळं अंग ताणून त्यांनी तो चटईत रोवला होता, चपलेतून बोटं पांढरी दिसत होती. ट्रक निघून गेला तसा पाय सैल झाला. ताईंनी मान वळवली आणि मी बघितलं आहे हे त्यांनी बघितलं.

काटा पडण्याचं कारण मला दिसलं होतं, पण ते सांगणं माझं काम आहे असं वाटेना.

भाऊंनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि एंजिन चालूच ठेवून वळले. “तू काही करते का वं? काही हलवते, काही पकडते?”

“काही नाही.”

“आठवून पाहा ना.”

ताई समोरच्या काचेतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ब्रेक दाबते.”

“ब्रेक? तुह्याकडे ब्रेक कुठं आहे?”

“नाही ना. म्हणूनच तर जोरानं दाबते.”

भाऊंना हसू आलं होतं, ते अर्ध्यातच थांबलं. “काहून?”

“भेव वाटते मले.”

“गाडीचं?”

“तुमचं.” ताईंचा आवाज अगदी साधा होता, जेवायला वाढताना असतो तसा. “उमरेड रोडवर स्कूटरवरून पडलो होतो, तेव्हापासून.”

उमरेड रोडचा किस्सा मी भाऊंच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकला होता. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, नवी स्कूटर, एंजिनातून खडखड असा आवाज. भाऊंनी चालत्या स्कूटरवर मान खाली घालून कान लावला आणि आवाज एंजिनचा नसून मागच्या चाकाच्या नटाचा आहे हे त्यांना कळलं. त्याच क्षणी स्कूटर रस्त्याकडेला उभ्या खाचरावर, म्हणजे बैलगाडीवर, आदळली. हा किस्सा ते ‘पण आवाज सापडला’ असं म्हणून संपवत आणि आम्ही सगळे हसत असू. त्या स्कूटरवर मागे ताई बसल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

“मनगट मोडलं होतं माझं,” ताई म्हणाल्या. “हात बरा झाला. पण तुम्ही तवापासून तसेच आहात. तेव्हा आवाज ऐकत होते, आता काटा पाहून राहिले. रस्ता मलेच पाहा लागते.”

“इतके वर्सं? मले सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही इचारलं नाही.”

भाऊ खाली उतरले. रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहिले. मौद्याच्या दिशेला वीजघराच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. त्याला वारा कसा नाही, असं एरवी त्यांनी नक्की विचारलं असतं. थोड्या वेळानं ते डाव्या बाजूला आले, गुडघे टेकून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “पाय उचल वं जरा.” ताईंनी पाय उचलला. त्यांनी चटई काढली. खाली, पत्र्याला लागून, अल्टरनेटरकडे जाणारी एक बारीक वायर होती. कुण्या जुन्या मिस्त्रीनं तिला कधीकाळी पीळ मारून जोड दिला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सुटली होती, जोड सैल झाला होता. भाऊंनी अंगठ्यानं तिथं दाबलं. काटा पडला. अंगठा उचलला. काटा उठला.

फॉल्ट सापडला की भाऊ टाळी वाजवतात, आजूबाजूच्या माणसांना बोलावून दाखवतात, अनोळखी असली तरी. त्या दिवशी त्यांनी जोड सोडवला, तारा घासून पुन्हा बांधला, वायर वर उचलून बाजूनं नेली आणि चटई जागेवर सारखी केली. चटईच्या कडेचा धुरळा हातानं झाडला.

तिथून मावशींच्या गावापर्यंत आम्ही किती वेळानं पोचलो ते सांगायला नको. सायकलवरचा एक दूधवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना काळजीनं विचारून गेला, “गाडीत काही बिघाड आहे का जी?” मावशी ओसरीवर बसल्या होत्या. “काहून उशीर केला?” त्या म्हणाल्या. ताई त्यांच्याजवळ बसल्या, त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हणाल्या, “रस्ता पाहत आलो, मावशी.” परत निघताना भाऊंनी सेल्फ मारला. एंजिन एका झटक्यात चालू झालं. धक्का मारायला जमलेली माणसं जरा हिरमुसली.

सोमवारी कन्हानचे गृहस्थ आले. ताईंनी त्यांना चहा दिला आणि गाडी द्यायची नाही असं सांगितलं. जाताना त्यांनी विचारलं, “पण बिघाड काय होता?” मी खुर्ची पुढे ओढली, कारण आता तासाभराची निश्चिंती होती. भाऊ म्हणाले, “होता थोडासा. वायरचा.” आणि कपबश्या उचलून आत गेले.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चौघंही मावशींकडे निघालो. पुढे ते दोघं, मागच्या आडव्या बाकावर मी आणि माझी बायको. वाटेत चहाला थांबलो तेव्हा भाऊ मला जीपच्या पलीकडे घेऊन गेले. “एक गोष्ट झाली गा,” ते म्हणाले. “ती अजूनही पाय दाबते. सवय आहे, जाणार नाही. पण आता काटा पडत नाही. पहिले काटा सांगत होता, आता मलेच पाहा लागते.” त्यांनी कप ठेवला. “बरोबर दुरुस्त केलं का गा मी?” आणि उत्तराची वाट न बघता ते स्टिअरिंगवर जाऊन बसले.

गाडी पुन्हा चालू लागली. समोरून ट्रक आला की भाऊंची नजर एकदा ताईंच्या पायाकडे जाई, आणि जीपचा वेग आपोआप उतरे. मी मागून ते बघत होतो, आणि बघता बघता माझं लक्ष शेजारी गेलं. माझ्या बायकोनं हूडची लोखंडी दांडी घट्ट धरली होती. आमच्याकडे लहानशी गाडी आहे, बरीच वर्षं मीच चालवतो.

“तुले भेव वाटते का वं?” मी विचारलं. “मी चालवतो तेव्हा?”

बाहेर बघतच ती म्हणाली, “वळणावर. फक्त वळणावर.”

मौदा येईपर्यंत तीन वळणं आली; तिन्ही वेळा मी तिच्या हाताकडे बघितलं.